हात आवरत नाही तेव्हा...

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण आपल्या घराघरांत किती सहज वापरली जाते! नखे कुरतडणाऱ्या नातवाला, जेवताना सारखा पाय हलवणाऱ्या जावयाला (अर्थातच त्याच्या माघारी), गॅस बंद केला की नाही हे तीनतीनदा पाहून येणाऱ्या आजोबांना. म्हण ऐकली की सगळे हसतात आणि विषय संपतो. पण काही घरे अशी असतात की जिथे ही म्हण कोणी उच्चारत नाही. तिथे दहावीतल्या मुलीच्या टाळूवर रुपयाएवढी जागा मोकळी झालेली असते आणि ते केस तिने स्वतःच्याच हाताने एकेक करून उपटलेले असतात. कुठे घरातला कर्ता पुरुष आमटीत मीठ कमी पडले म्हणून भरले ताट भिंतीवर भिरकावतो आणि पुढच्या अर्ध्या तासात रडवेला होऊन तीच भिंत पुसत बसतो. आणखी कुठे चांगल्या खात्यापित्या घरातल्या बाईच्या पिशवीत दुकानातली एखादी चीज निघते, जिचे पैसे देण्याची तिची ऐपत दहा वेळा असते.

समुपदेशनाच्या कामामुळे अशा घरांशी माझा गेली अनेक वर्षे संबंध येतो. वरवर पाहता या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण आत डोकावले तर यंत्रणा जवळजवळ सारखीच दिसते. आधी एक ताण चढत जातो. अंगात, बोटांत, कानशिलांत. मग ती कृती होते. कृतीच्या क्षणी सुटका वाटते, कधी कधी चक्क सुख वाटते. आणि पाठोपाठ येते ती लाज. या लाजेतून नवा ताण निर्माण होतो आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरू लागते. मानसोपचारशास्त्रात यांना आवेग-नियंत्रणाचे विकार म्हणतात. म्हणजे ऊर्मी आणि कृती यांच्यामध्ये इतरांच्या मनात जो उंबरठा असतो, तो या माणसांच्या बाबतीत त्या विशिष्ट गोष्टीपुरता झिजलेला असतो. बाकी सगळ्या बाबतीत ती तुमच्याआमच्यासारखीच असतात, हे विसरायचे नाही.

विकार काही आजचे नाहीत. गरज नसताना, आवरता न येणाऱ्या ऊर्मीने चोरी करणाऱ्यांचे वर्णन मार्क आणि एस्किरोल या फ्रेंच वैद्यांनी १८३८ साली केले आणि क्लेप्टोमेनिया हा शब्द रूढ झाला. केस उपटण्याच्या विकाराला ट्रायकोटिलोमेनिया हे जिभेला गाठ मारणारे नाव दिले तेही एका फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने, आलोपो यांनी, १८८९ मध्ये. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या विकारसूचीत १९८० साली आवेग-नियंत्रणासाठी स्वतंत्र प्रकरण आले. २०१३ च्या आवृत्तीत जुगार तिथून उचलून व्यसनांच्या शेजारी ठेवला गेला आणि केस उपटणे मंत्रचळाच्या शेजारी. शास्त्राची कपाटे अशी अधूनमधून आवरली जातात. घरातल्या माणसांना मात्र कोणत्याही कप्प्यात ठेवले तरी तोच प्रश्न पडलेला असतो: याला कळतंय, तरी हा करतो कसं?

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. उचलेगिरी करणारा प्रत्येकजण क्लेप्टोमेनियाचा रुग्ण नसतो. खरे तर तसे रुग्ण विरळाच. आणि बायकोवर हात टाकणारा प्रत्येक नवरा तर मुळीच आजारी नसतो. जो गृहस्थ कचेरीत साहेबाचे वाटेल ते ऐकून घेतो, रेल्वेच्या डब्यात कोणी पायावर पाय दिला तरी 'असू दे, असू दे' म्हणतो आणि घरी आल्यावर फक्त बायकोसमोर ज्याचा तोल जातो, त्याचे आवेग-नियंत्रण उत्तम आहे. त्याला उपचारापेक्षा कायद्याची गरज आहे. ज्याचा स्फोट माणूस पाहून होत नाही, कारणाच्या मानाने तो फारच मोठा असतो, ज्यात त्याचे स्वतःचेही नुकसान होते आणि नंतर जो खरोखर कोसळतो, त्याच्याबद्दल मी बोलते आहे. अशाही माणसाच्या घरात बायकोमुलांची सुरक्षितता आधी आणि त्याचे समुपदेशन नंतर, हा क्रम बदलत नाही.

आता काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोघीतिघींच्या हकिकती एकीत मिसळल्या आहेत. वय साठीच्या घरात, यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त, मुलगा परगावी. काकू दुकानांतून वस्तू उचलत. कंगवा, केसांच्या पिना, स्टीलची छोटी डबी, एकदा लहान मुलाचे मोजे. घरात लहान मूल नव्हते. या वस्तू त्या वापरतही नसत. माळ्यावरच्या एका ट्रंकेत सगळे साठत गेले होते. एका दुकानात पकडल्या गेल्या तेव्हा यजमानांनी हातापाया पडून प्रकरण मिटवले. नंतर घरी देवासमोर बसवून त्यांच्याकडून शपथ घेतली. ती शपथ सव्वा महिना टिकली.

पहिल्या भेटीत काकू माझ्याकडे पाहतही नव्हत्या. एकच वाक्य पुन्हा पुन्हा: "मी चोर आहे हो. मला दुसरं काही म्हणू नका."

शपथ का टिकली नाही, हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे या विकारांवरचा पहिला, दुसरा आणि तिसरा घरगुती उपाय शपथ हाच असतो. गळ्याची, मुलाची, कुलदेवतेची. ॲलन मार्लट हे व्यसनांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९८५ साली त्यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह एक पुस्तक संपादित केले. त्यात एका गोष्टीचे फार अचूक विश्लेषण आहे. माणसाने पूर्ण बंदीचा नेम केला आणि एकदा घसरला, तर त्या एका घसरण्यापेक्षा 'आता सगळं संपलंच' ही भावना त्याला अधिक खोल नेते. आपल्याला हे समजायला अमेरिकेत जायला नको. एकादशीच्या दिवशी चहाबरोबर विसरून बिस्किट तोंडात गेले की 'मोडलाच आहे उपास, तर आता जेवूनच घेते' असे आपण म्हणतोच ना? उपासाच्या बाबतीत हे चालते. काकूंच्या बाबतीत 'मी चोर आहेच' या वाक्याचा अर्थ 'मग चोराने काय करायचं असतं?' इथपर्यंत जाऊन पोचत होता. लाज ही या विकारावरची गोळी आहे असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा विकाराचे खाद्य असते.

इथे सकारात्मक मानसशास्त्राचा संबंध येतो. नावाने फसू नये. आरशासमोर उभे राहून 'मी शांत आहे, मी शांत आहे' असे घोकणे किंवा दुःख झाकून हसत राहणे म्हणजे हे शास्त्र नव्हे. हा शब्द अब्राहम मॅस्लो यांनी १९५४ मध्येच वापरला होता, पण त्याला अभ्यासशाखेचे रूप आले ते १९९८ मध्ये मार्टिन सेलिग्मन अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाल्यानंतर. गंमत म्हणजे हेच सेलिग्मन १९६० च्या दशकात 'शिकलेल्या असहायते'च्या प्रयोगांमुळे गाजले होते: काही केले तरी सुटका नाही असा अनुभव वारंवार आला की प्राणी, पुढे दार उघडे असले तरी, जागचे हलत नाहीत. तीस वर्षे असहायतेचा अभ्यास केलेल्या माणसाने मग उलटा प्रश्न विचारला. मानसशास्त्राने माणसात काय बिघडले याच्या याद्या केल्या. काय शाबूत आहे याची यादी कोण करणार? क्रिस्टोफर पीटरसन यांच्यासह त्यांनी २००४ मध्ये ती यादी केलीसुद्धा. जिज्ञासा, चिकाटी, प्रामाणिकपणा, ममता, विनोदबुद्धी, क्षमा, कृतज्ञता अशी २४ गुणसामर्थ्ये. त्यात आत्मसंयमही एक आहे, पण २४ पैकी एक. माझ्या मते या सगळ्या विचारातली कामाची गोष्ट हीच आहे. आवेगापुढे हरणाऱ्या माणसाकडे आपण फक्त त्या चोविसाव्या खिडकीतून पाहत असतो आणि म्हणतो, घर अंधारात आहे.

काकूंशी बोलता बोलता तिसऱ्या-चौथ्या भेटीत सहज कळले की त्या १९ वर्षे महिला मंडळाची भिशी सांभाळत आल्या आहेत. हिशेबात एका रुपयाचा फरक कधी नाही. मंडळात तीन वेळा भांडणे झाली, पदाधिकारी बदलले, पण पैसे काकूंकडेच राहिले.

"मग चोराकडे बायकांनी एकोणीस वर्षं पैसे ठेवले कसे?" मी विचारले.

"ते वेगळं. ते लोकांचे पैसे," काकू चटकन म्हणाल्या आणि मग बराच वेळ गप्प बसल्या.

मी त्यांना प्रामाणिक ठरवण्याचा प्रयत्न करत नव्हते. तशी कोरडी प्रशस्तिपत्रके अशा माणसांना लगेच ओळखू येतात. मला हवी होती ती त्यांची हिशेबाची सवय. मी म्हटले, आपण याचाही हिशेब ठेवू. त्यांनी लाल बासनातली वही आणली, अगदी पूर्वी दुकानांतून असे तशी. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. वस्तू उचलली गेली तर नावे. ऊर्मी आली आणि वस्तू जागेवर राहिली, तर जमा. पहिल्या पंधरवड्यात जमेची बाजू रिकामी होती. मी विचारले, या पंधरा दिवसांत बाजारात किती वेळा गेलात? अकरा वेळा. वस्तू किती उचलल्या? दोन. मग नऊ वेळा काय झाले? काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या नऊ वेळांची कोणी नोंदच केलेली नव्हती, ना त्यांनी, ना घरच्यांनी.

'विकार जिंकला नाही ते क्षण शोधा' ही रीत स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या दांपत्याने १९८० च्या दशकात मिलवॉकीत रुजवली. काटेकोरपणे पाहिले तर तिला सकारात्मक मानसशास्त्राची चुलत बहीण म्हणावे लागेल. पण कामाच्या वेळी नात्यागोत्याचा इतका विचार कोण करतो? त्या नऊ वेळांत काय घडले होते ते आम्ही एकेक करून पाहिले. चार वेळा बरोबर शेजारीण होती. दोनदा घाई होती. एकदा दुकानदाराने नातवाची चौकशी केली होती. आणि दोनदा काहीही कारण नव्हते, त्यांनी नुसते हातातले खाली ठेवले होते. "कसं ठेवलंत?" या प्रश्नाला उत्तर शोधता शोधता त्यांच्याच तोंडून पुष्कळ काही बाहेर आले. रिकाम्या दुपारी पाय बाजाराकडे वळतात. मुलाचा फोन येऊन गेला की जास्त. हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. ते त्यांच्या वहीत निघाले.

ऊर्मी आली की काय करायचे, यासाठी मार्लट यांनीच सांगितलेली एक युक्ती आम्ही वापरतो. ऊर्मी ही लाट समजायची. समुद्रात उभे राहून लाटेशी झुंजणारा गटांगळ्या खातो. जो ती येताना पाहतो, जरा उचलला जाऊ देतो, त्याच्याखालून ती निघून जाते. ऊर्मी वाढतच जाऊन आपल्याला फोडून टाकेल असे रुग्णाला वाटत असते, कारण ती ओसरेपर्यंत तो कधी थांबलेलाच नसतो. काकूंना अलिबागच्या समुद्राची मनापासून भीती, म्हणून आम्ही लाटेऐवजी दुधाचा उतू जाणारा टोप घेतला. आच बारीक करायची आणि पाहत राहायचे. फरक इतकाच, की इथे आच बारीक करणे म्हणजे हात मागे बांधून दुकानाच्या दारापाशी येऊन उभे राहणे.

हे सगळे चालू असताना त्यांना मानसोपचारतज्ज्ञांचे औषधही सुरू होते, हे मुद्दाम सांगते. दारूच्या व्यसनावर दिले जाणारे नाल्ट्रेक्सोन क्लेप्टोमेनियावर उपयोगी पडते का, याची चाचणी जॉन ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत घेऊन २००९ मध्ये प्रसिद्ध केली. माणसे २५च होती, मुदत आठ आठवड्यांची, पण औषध घेणाऱ्यांची चोरीची ऊर्मी खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली. केस उपटण्यावर सर्वांत भरवशाची रीत नेथन ॲझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये मांडलेली सवय-पालटाची: हात डोक्याकडे जातोय हे आधी ओळखायला शिकायचे आणि त्या क्षणी मूठ घट्ट आवळून धरण्यासारखी, तो हात अडकवणारी दुसरी कृती करायची. सकारात्मक मानसशास्त्र यांच्या जागी येत नाही. ते यांच्या बरोबरीने येते. नुसत्या कृतज्ञतेच्या वहीने ताटे भिंतीवर जायची थांबत नाहीत.

या शास्त्राने स्वतःचेही नुकसान करून घेतले आहे, तेही सांगून टाकू. सुखद आणि दुःखद भावनांचे प्रमाण २.९ ला १ असले की माणूस बहरतो, असे गणितासकट सांगणारा एक निबंध २००५ मध्ये गाजला. पुस्तके निघाली, व्याख्याने झाली. २०१३ मध्ये निकोलस ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी ते गणितच निराधार असल्याचे दाखवून दिले. दुसरीकडे सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच इंटरनेटवरून पाच साधे व्यायाम तपासले होते. रोज रात्री त्या दिवशीच्या तीन चांगल्या गोष्टी कारणांसह लिहिणे आणि आपले ठळक गुण नव्या रीतीने वापरणे, या दोहोंचा परिणाम सहा महिने टिकला. पण ती माणसे आवेगाच्या विकाराची नव्हती, सर्वसामान्य होती. म्हणून मी या व्यायामांकडे काठी म्हणून पाहते, पाय म्हणून नाही.

इच्छाशक्तीचीही अशीच तपासणी झाली, आणि ती आपल्या घरांना जास्त लागू आहे. मुलासमोर एक गोड वडी ठेवायची आणि थांबलास तर दोन मिळतील म्हणायचे, हा वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला प्रयोग अनेकांना माहीत असतो. थांबलेली मुले पुढे आयुष्यात यशस्वी झाली, म्हणून संयम म्हणजेच सर्वस्व, असा अर्थ त्यातून काढला गेला. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर हे पुन्हा पाहिले तेव्हा संबंध खूपच क्षीण निघाला. घरची परिस्थिती वगैरे जमेस धरल्यावर तर फारच थोडा उरला. मिशेल स्वतःही सांगत की थांबू शकलेली मुले दात-ओठ खाऊन बसली नव्हती. ती वडीकडे पाठ करत होती, गाणी म्हणत होती. म्हणजे जिंकली ती ताकद नव्हे, युक्ती. 'मनावर ताबा ठेव' हा उपदेश करणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. कसा ठेवायचा, ते आपण सांगत नाही.

भिंतीवर ताट भिरकावणारे जे गृहस्थ, त्यांचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. त्यांच्या पत्नीने मला विचारले, "अहो, कार्ब्युरेटरचं एवढंसं भोक साफ करायला हे दीड तास शांत बसतात. मग पोळी करपली तर दीड मिनिट का बसवत नाही?" प्रश्न इतका नेमका होता की पुढचे सगळे काम त्यावरच झाले. गाडी आत येताना नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मग स्वतःचे इंजिन तापताना ऐकू येते का? सुरुवातीला म्हणाले, काही नाही हो, एकदम भडका उडतो. पंधरा दिवस लक्ष ठेवल्यावर सांगू लागले: आधी कानाच्या पाळ्या गरम होतात, मग जबडा आवळतो, मग समोरच्याचे शब्द ऐकू येईनासे होतात. म्हणजे भडक्याच्या आधी तीन खुणा होत्या. कान तापले की "दहा मिनिटांत आलो" एवढेच बोलून जिन्यात जायचे आणि दहा मिनिटांनी खरोखर परत यायचे, असे ठरले. परत येणे महत्त्वाचे, नाही तर ते पळणे होते. आणि त्या वेळात घरात कोणी मागून काही बोलायचे नाही. पत्नीला हे सर्वांत जड गेले, आणि का जाऊ नये? इतकी वर्षे सोसले तिने, वर पथ्यही तिनेच पाळायचे? मी तिला तसे स्पष्ट म्हटले. तिच्यासाठी वेगळी बैठक ठेवली आणि हात उचलला गेला तर कोणाला फोन करायचा तेही तिच्या भावाला बोलावून त्याच्यासमोर ठरवले.

केस उपटणाऱ्या मुलीच्या घरी तर एकच गोष्ट बदलायची होती. रोज संध्याकाळी आई तिला ट्यूबलाइटखाली बसवून टाळू तपासत असे, "आज किती गेले?" हेतू मायेचाच. पण त्या तपासणीच्या भीतीनेच दुपारी हात डोक्याकडे जाई. तपासणी बंद झाली. सवय-पालटाचे धडे सुरू झाले आणि अभ्यास करताना डावा हात गुंतवायला तिने स्वतः क्रोशाची सुई घेतली. मिहाय चिकसेंटमिहाय यांनी तल्लीनतेवर जन्मभर काम केले. आपण एखाद्या कामात हरवतो तेव्हा मनाला भटकायला जागा उरत नाही, हे त्यांचे म्हणणे आपल्या आज्यांना वाती वळताना ठाऊकच असावे.

आपल्याकडे हा विचार नाव मिळण्याआधीही होता. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे इतरांना बाहेर काढण्याच्या कामाला लागली. ज्या आयुष्याची लाज वाटायची, तेच आयुष्य तिथे अनुभव म्हणून कामी येते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्येही १९३५ पासून हेच चालत आले आहे. काकूंसारख्या लोकांसाठी मात्र असे गट आपल्याकडे सहज सापडत नाहीत, आणि दारू सोडलेला माणूस सभेत उभा राहून जे बोलू शकतो ते काकू कुठे बोलणार? चोरी या शब्दाला आपल्या समाजात आजाराची सवलत नाही. कायद्यातही निदानाचा कागद दाखवून सुटका होत नाही.

एक धोक्याची सूचना, विशेषतः घरात वडीलधारी माणसे असणाऱ्यांसाठी. पार्किन्सन्सच्या कंपवातावर दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे काही जणांत जुगार, बेसुमार खरेदी, खाणे किंवा कामवासना यांची अनावर ऊर्मी जागी करतात. ॲरिपिप्राझोल या मानसिक आजारावरच्या औषधाबद्दल असाच इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला. आयुष्यभर पै-पै जपणारे आजोबा अचानक लॉटरीची तिकिटे आणू लागले तर 'म्हातारपणी बुद्धी फिरली' म्हणू नका. औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. औषध मात्र आपल्या मनाने बंद करायचे नाही.

बाकी कोणाकडे जावे हे कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. शासकीय जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. जाताना रुग्णाच्या चुकांची यादी बहुतेक नातेवाईक नेतातच. दुसऱ्या कागदावर तो कधी, कुठे, कोणाबरोबर असताना ठीक असतो, तेही लिहून न्या. डॉक्टरांनी मागितले नाही तरी द्या.

काकूंच्या वहीतली जमेची बाजू हळूहळू भरत गेली. चौदा महिन्यांत नावे पडली ती सहा वेळा, आणि त्यातली शेवटची अगदी अलीकडे, दिवाळीच्या गर्दीत. उटण्याची पुडी. पूर्वी असती तर ट्रंकेत गेली असती. या वेळी त्यांनी घरी येऊन चहा व्हायच्या आत यजमानांना सांगितले. यजमान, ज्यांनी एकदा देवासमोर शपथ घालायला लावली होती, ते म्हणाले, "उद्या सकाळी गर्दी कमी असते. मी येतो बरोबर." सकाळी दोघे गेले. "काल घाईत द्यायचे राहिले," म्हणून काकूंनी पैसे पुढे केले. दुकानदाराने न मागता पावती फाडून दिली. ती पावती काकूंनी वहीत चिकटवली आहे. जमेच्या बाजूला धरायची की नावे टाकायची, यावर नवरा-बायकोंचा वाद अजून चालू आहे.